कागद मागणारा पाहुणा

रहस्यकथेचा वाचक फसायला तयारच असतो. त्याची अट एवढीच, की फसवणूक नियमात बसणारी हवी. शेवटच्या प्रकरणात खुनी सापडला पाहिजे, तो माणूस असला पाहिजे, आणि मागे वळून पाहिले तर पुरावे आपल्या डोळ्यांसमोरच पडलेले होते असे दिसले पाहिजे. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन भावांनी १९७० मध्ये ‘यूनोस्त’ मासिकातून क्रमशः छापलेल्या कादंबरीत यातली पहिली आणि तिसरी अट पाळल्यासारखे दाखवले आणि मधली सरळ मोडली. बर्फाने जगापासून तोडलेले हॉटेल, आतून बंद खोलीतले प्रेत, प्रत्येकावर संशय, असा सगळा सरंजाम मांडून अखेरीस ते सांगतात की खून झालेलाच नाही आणि मेलेला माणूस मुळात माणूसच नव्हता. जॉश बिलिंग्ज यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये ‘द डेड माउंटेनियर्स इन’ या नावाने आला. मी वाचला तो हाच.

रहस्यकथा म्हणून वाचणाऱ्याचा हिरमोड होतो, हे आधीच सांगून टाकतो. माझा झाला. खुद्द बोरिस यांनीही पुढे आठवणी लिहिताना या कादंबरीला फसलेला प्रयोग मानले आहे. तरीही तिच्यावर लिहावेसे वाटते, कारण हा हिरमोड आळशी लेखकाने केलेला नाही. पुस्तकाच्या उपशीर्षकातच रहस्यकथेच्या अंत्यविधीची भाषा आहे. त्याआधी १९५८ मध्ये स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट यांनीही ‘द प्लेज’ या नावाने इंग्रजीत गेलेल्या कादंबरीला गुन्हेकथेच्या शोकगीताचे उपशीर्षक दिले होते. म्हणजे रहस्यकथेला पोचवायला निघालेले हे काही पहिले नव्हेत. पण स्त्रुगात्स्कींनी पोचवण्याआधी तिला इतक्या प्रेमाने न्हाऊ-माखू घातले आहे, की मयताला आलो आहोत हे आपल्याला बराच वेळ कळत नाही.

(पुढे शेवट उघड होणार आहे. ज्यांना तो नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावे.)

इन्स्पेक्टर पीटर ग्लेब्स्की सुट्टीवर आला आहे. बायकामुलांपासून लांब, डोंगराच्या कुशीतल्या छोट्या हॉटेलात, स्की करायची, आरामात प्यायचे आणि झोपायचे. हॉटेलचा मालक अ‍ॅलेक स्नेवार गप्पिष्ट, थोडा चक्रम, फावल्या वेळात कायम चालणारी यंत्रे बनवण्याच्या नादातला. मरून गेलेल्या एका गिर्यारोहकाच्या नावाने त्याने हॉटेल चालवले आहे. त्या गिर्यारोहकाची खोली जशीच्या तशी ठेवली आहे आणि त्याचा लेल नावाचा सेंट बर्नार्ड कुत्राही सांभाळला आहे. या खोलीचा प्रसंग कादंबरीतला पहिला उत्तम प्रसंग. मालक मोठ्या गंभीरपणे पाहुण्याला ती दाखवायला नेतो, आणि रक्षापात्रात पाइप अजून धुमसतो आहे. कॉरिडॉरमध्ये ओल्या पावलांचे ठसे उमटतात, शॉवर चालू असतो आणि आत कोणी नसते. ग्लेब्स्की मनात म्हणतो, गिऱ्हाइकांना रिझवायची ही मालकाची युक्ती. वाचकही तेच म्हणतो. कादंबरीचा सगळा डाव इथेच मांडला गेला आहे. समोर काहीतरी अजब घडले की ग्लेब्स्की त्याला ओळखीच्या खणात टाकतो, आणि आपणही त्याच्यामागोमाग टाकत जातो.

बाकीचे पाहुणे म्हणजे एकाहून एक नग. जादूगार द्यु बार्नस्टोकर आणि त्याच्या दिवंगत भावाचे अपत्य ब्रुन, जे मुलगा की मुलगी हे इन्स्पेक्टरला बराच वेळ नक्की करता येत नाही. सिमोने हा भौतिकशास्त्रज्ञ, जो उदास तोंडाने विनोद करतो आणि भिंतींवर चढतो. हातातल्या धातूच्या मगातून सतत घुटके घेणारा श्रीयुत मोझेस आणि त्याची देखणी बायको ओल्गा. ओलाफ अंदवाराफोर्स हा धिप्पाड, गोरापान, जणू पुराणातून उतरलेला. आणि हिंकुस, जो आजाराचे निमित्त सांगून फरकोट घालून गच्चीवर बसलेला असतो. पहिला शंभरेक पानांचा भाग निव्वळ मौजेचा आहे. बिलियर्ड्स, जेवणे, थट्टा, दारू. काहीच घडत नाही आणि ते वाचायला मजा येते. मग एका रात्री दरीच्या तोंडाशी हिमकडा कोसळतो, बाहेरचा रस्ता बंद होतो, आणि ओलाफ आपल्या खोलीत मेलेला सापडतो. दार आतून बंद, खिडकी उघडी, मान पार मागे फिरलेली.

बर्फाची ही सोय इंग्रजी रहस्यकथेने घासून गुळगुळीत केली आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३१ च्या ‘द सिटाफर्ड मिस्टरी’त डार्टमूरवर बर्फ, १९३४ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये रुळांवर बर्फ, आणि २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘द माउसट्रॅप’मध्ये पाहुण्यांच्या घराभोवती बर्फ. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून राजा नवाथे यांनी ‘गुमनाम’मध्ये (१९६५) ख्रिस्तींच्याच दुसऱ्या कथेतले बेट वापरले. बर्फ काय, बेट काय, काम एकच. बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही, म्हणून खुनी आपल्यातलाच. लेखकाला पोलीस, नातेवाईक, दूधवाला, कोणाचीच तजवीज करावी लागत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला या युक्तीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते. आमच्याकडे बर्फ नसला तरी अडकून पडणे काय असते ते ठाऊक आहे. आषाढात पाऊस धरला की तोरंगण घाटात दरड उतरते आणि त्र्यंबकची वाट बंद होते. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला निघालेला माणूस मध्येच थांबतो. मोरीवरून पाणी गेले की जव्हारही लांबचे होते. लाइट जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज जाते, एसटीची मुक्कामी गाडी जिथे असेल तिथेच मुक्काम करते. पण अशा वेळी कोणी आत येत नाही, हे खरे नव्हे. उलट अशाच रात्री दार वाजते. आवणीहून परतताना ओढ्याने अडवलेला, गाडी बंद पडलेला, दवाखान्यात निघालेला कोणीतरी इरले निथळत ओसरीवर उभा असतो. त्याला आधी कोरडे फडके आणि चुलीजवळची जागा मिळते, चहा मिळतो, नागलीची भाकरी असली तर तीही. तू कोण, कुठला, हे मागाहून, बोलता बोलता निघते. पाहुणचार म्हणजे इथल्या माणसांचा फार मोठा सद्गुण, असे काही मला म्हणायचे नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे माणूस कुडकुडत असताना दार न उघडण्याची सोयच नसते, एवढेच.

म्हणून या कादंबरीतल्या ज्या प्रसंगावर रहस्यकथेचे शौकीन सगळ्यात जास्त वैतागतात, तो प्रसंग मला सगळ्यात खरा वाटला. हिमकडा कोसळून रस्ता बंद झाल्यावर हॉटेलच्या दाराशी एक एकहाती माणूस अर्धमेला सापडतो. नाव विचारले तर लुआर्विक एल. लुआर्विक. बोलणे तुटक, शब्द एकमेकांना न जुळणारे. त्याला ओलाफ हवा आहे, आणि ओलाफची पेटी हवी आहे. बंदिस्त वर्तुळाच्या कथेत असा आगंतुक आणणे म्हणजे डाव उधळणे. ख्रिस्तीबाईंनीही ‘माउसट्रॅप’मध्ये बर्फातून स्कीवर माणूस आणला आहे, पण तो खेळाच्या नियमातच आणला आहे. स्त्रुगात्स्कींचा लुआर्विक कुठल्याच नियमात बसत नाही.

आता त्याच्याशी दोघे जण कसे वागतात ते पाहण्यासारखे आहे. स्नेवार त्याला आत घेतो, ऊब देतो, पाजतो, त्याच्या तुटक बोलण्याकडे कान देतो. ग्लेब्स्की कागदपत्रे विचारतो. कोण आहात, कुठून आलात, ओलाफशी काय संबंध, पेटीत काय आहे. प्रश्न चुकीचे नाहीत. कुठल्याही पोलिसाने विचारावेत असेच आहेत. पण समोरच्या माणसाला त्या प्रश्नांची उत्तरे देण्याची भाषाच येत नाही, हे ग्लेब्स्कीच्या ध्यानात येत नाही; आले तरी त्याला ती लपवाछपवी वाटते.

इथे लेखकांनी पेरलेली एक बारीक गोष्ट कामाला येते. ग्लेब्स्की खुनाच्या तपासातला माणूस नाही. अफरातफर, बनावट दस्तऐवज, सरकारी कागदांची नक्कल, हे त्याचे खाते. तो स्वतःच हे कबूल करतो, आणि आपण ते विनम्रपणा म्हणून सोडून देतो. पण सगळा पुढचा अनर्थ या एका तपशिलातून निघतो. ज्याने आयुष्यभर खोटे कागद ओळखले, त्याला बिनकागदाचा माणूस म्हणजे बनावट माणूसच दिसणार. आणि गंमत अशी की तो बरोबरच ओळखतो! मोझेस, ओल्गा, ओलाफ, लुआर्विक हे खरोखरच बनावट आहेत. त्यांनी माणसाचे रूप घेतलेले आहे. फक्त बनावट म्हणजे गुन्हेगार, हे त्याचे दुसरे पाऊल चुकते.

पुरावे लपवले म्हणून लेखकांना दोष देता येणार नाही. सिमोने हा आपल्या रंगेलपणापायी त्या रात्री ओल्गाच्या खोलीत जातो आणि ती थंडगार, मेलेली सापडते म्हणून पांढराफटक होऊन बाहेर पडतो. नंतर तीच ओल्गा हसत-बोलत सर्वांसमोर येते. हा प्रसंग ज्या पद्धतीने येतो ती फार पाहण्यासारखी आहे. सिमोने सांगतो आहे, इन्स्पेक्टर ऐकतो आहे, आणि ऐकता ऐकता त्याच्या मनात हिशेब चालला आहे: हा खोटे बोलतो, की याला भास झाला, की हा मला चकवण्यासाठी काही रचतो आहे? चौथी शक्यता, की हा पाहिले ते सांगतो आहे, त्याच्या यादीतच येत नाही. आणि वाचक म्हणून मीही ती घेतली नाही. शंभर रहस्यकथा वाचलेल्या माणसाला साक्षीदार खोटे बोलतात एवढे पक्के माहीत असते. स्नेवार बिचारा मेलेल्या पण चालणाऱ्या देहांची आपली अद्भुत उपपत्ती मांडत असतो आणि आपण त्याला हसतो. सत्याच्या सगळ्यात जवळ तोच असतो. तपशील चुकीचे, पण दिशा बरोबर.

शेवटी मोझेस तोंड उघडतो. ते दुसऱ्या ग्रहावरचे आहेत. ओल्गा आणि ओलाफ ही यंत्रे, आणि पेटीतल्या ऊर्जेच्या साठ्यावाचून त्यांची सुटका नाही. पृथ्वीवर निरीक्षणासाठी आलेला मोझेस ‘चॅम्पियन’ नावाच्या टोळीवाल्याच्या नादी लागला, त्याला तो अन्यायाविरुद्ध लढणारा वाटला आणि त्याच्यासाठी यांनी दरोडे घातले. खरा प्रकार कळल्यावर पळाले. हिंकुस हा चॅम्पियनचा माणूस, पाळतीवर ठेवलेला. चॅम्पियन कुठल्याही क्षणी येऊन पोचेल. पेटी द्या, आम्हाला जाऊ द्या.

मोझेसच्या या चुकीवर परदेशी वाचक थोडासा हसत असावा. मराठी वाचकाने हसू नये. आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या अर्नाळ्याचे नाव लावणारे बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि धनंजय यांच्या बरोबरीने ‘काळा पहाड’ही दोन पिढ्यांनी डोक्यावर घेतला. कायद्याला बगल देऊन गरिबांच्या बाजूने उभा राहणारा हा नायक होता. आपल्यातल्या किती जणांनी शाळकरी वयात तसला माणूस कुठेतरी खरोखर असेल असे मानले असेल! परग्रहावरून आलेल्या भाबड्या निरीक्षकाला चॅम्पियनमध्ये काळा पहाड दिसला, यात मला अशक्य काही वाटत नाही. उलट कादंबरीतला हा एकमेव धागा असा आहे की जो आणखी लांबवायला हवा होता, आणि लेखकांनी तो दोन-चार परिच्छेदांत उरकला.

सिमोने आणि स्नेवार यांचा मोझेसवर विश्वास बसतो. ग्लेब्स्की म्हणतो, पोलीस येऊ देत, कोर्ट काय ते ठरवेल, तोवर पेटी माझ्याकडे. इथे ‘ओरिएंट एक्सप्रेस’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही बर्फात गाडी अडकली आहे आणि पोलीस पोचलेले नाहीत. गुप्तहेर पॉयरो दोन उत्तरे मांडतो आणि खोटे उत्तर पोलिसांना द्यायचे ठरते. अडकलेल्या जागेत कायदा थोडा बाजूला ठेवता येतो, हे ख्रिस्तींनाही मान्य होते. पण पॉयरोची दया सोपी आहे. त्याला सगळे कळलेले असते, कोणी काय आणि का केले याचा शेवटचा तुकडा जुळलेला असतो, आणि मग तो उदार होतो. ग्लेब्स्कीला काहीच नक्की कळलेले नाही. मोझेस खरा असेल, सराईत ठगही असेल. न कळता दया करायची की न कळता नियम पाळायचा, एवढेच दोन पर्याय त्याच्या हातात आहेत. माझ्या मते या कादंबरीने रहस्यकथेवर केलेला खरा वार हाच. परग्रहवासी आणले म्हणून ती मोडत नाही. सगळे उकलल्यानंतर न्याय करायचा, या रहस्यकथेच्या मूळ आश्वासनावरच ती बोट ठेवते. घरी आलेल्या पाहुण्याबाबत कोणाला कधी सगळे उकललेले असते?

सिमोने आणि स्नेवार अखेर इन्स्पेक्टरला बळाने आवरून पेटी परत देतात. पण उशीर झालेला असतो. मोझेस मंडळी स्कीवर पळतात, चॅम्पियनचे हेलिकॉप्टर येते आणि त्यांना उघड्या बर्फावर गोळ्या घालते. ग्लेब्स्की पाहत राहतो. हे पान लेखकांनी फार कोरडे लिहिले आहे, आणि तेच बरे केले.

आता नाराजीबद्दल. सगळा हिरमोड हेतुपुरस्सर आहे असे मानून लेखकांना मोकळे सोडता येणार नाही. मोझेसचा खुलासा हे सरळ सरळ कंटाळवाणे प्रकरण आहे. इतका वेळ हालचालींतून आणि थट्टेतून चाललेली गोष्ट एकदम खुर्चीत बसून माहिती देऊ लागते. ओल्गा ही यंत्र निघते हे कळल्यावर तिच्या आधीच्या वागण्याला नवा अर्थ मिळायला हवा होता. तो मिळत नाही, कारण ती आधीही फक्त सुंदर असण्यापुरतीच होती. जादूगार आणि ब्रुन यांच्या धाग्याचे तर शेवटी काहीच होत नाही. आणि मुखवटा उतरल्यावर पुढे काय, याची तयारी दोघा भावांनी पुरती केलेली नाही.

हे लिहिताना मला आमचा मुखवट्यांचा बोहाडा आठवतो. उन्हाळ्यात मोखाड्याला आणि जव्हारकडे रात्र रात्र सोंगे नाचतात. संबळ आणि सनई लागते, टेंभ्यांच्या उजेडात गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, पहाटेकडे देवी आणि महिषासुराची झुंज होते. कोणते सोंग कोणत्या घरचे हे बहुतेकांना माहीत असते. नरसिंहाच्या मुखवट्यामागे कोण आहे हे पुढच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते, कारण तो त्याचा काका असतो. तरी ते पोर भिते, आणि कोणी उठून घरी जात नाही. मुखवट्यामागचा माणूस ओळखणे हा तिथे प्रश्नच नसतो. मुखवटा नाचतो कसा, यावर रात्र जागते. रहस्यकथा याच्या नेमकी उलट चालते. एकदा मुखवटा निघाला की दुकान बंद. स्त्रुगात्स्कींना हे दुकान बंद करायचे होते, पण ‘हे परग्रहवासी आहेत’ हे त्यांनी पुन्हा मुखवटा काढल्यासारखेच सांगितले. ओल्गा कोण हे मध्यावरच सांगून टाकले असते आणि मग ती, इन्स्पेक्टर, मालक आणि सिमोने यांना एका बंद हॉटेलात आणखी दोन दिवस ठेवले असते, तर काय कादंबरी झाली असती! त्यांच्यात तेवढे बळ होते. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांची ‘रोडसाइड पिकनिक’ छापून आली. तिथे परग्रहवासी येऊन गेलेले आहेत हे सगळ्यांना आधीच माहीत असते, आणि गोष्ट उरलेल्या माणसांची होते. आंद्रेई तारकोव्स्कींचा ‘स्टॉकर’ (१९७९) तिच्यावरून आला. त्याच वर्षी एस्टोनियात ग्रिगोरी क्रोमानोव्ह यांनी या हॉटेलावरही चित्रपट केला, स्त्रुगात्स्कींच्याच पटकथेवर. पडद्यावर मोझेसचे भाषण कादंबरीइतके जड होत नाही, कारण तिथे आपल्याला त्याचा चेहरा पाहता येतो.

उपसंहारात वीसेक वर्षे उलटली आहेत. ग्लेब्स्की निवृत्त झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने आपण चुकलो नाही हे त्याला पक्के माहीत आहे, आणि तरीही त्याचे मन त्याला खाते. या प्रकरणाचा सूर मला पुस्तकातल्या बाकी सगळ्या चतुराईपेक्षा जास्त आवडला, कारण लेखकांनी इथे इन्स्पेक्टरला ना माफ केले आहे ना झोडपले आहे. आणि स्नेवारचे काय? ज्याने लुआर्विकला कागद न विचारता आत घेतले, ज्याने पेटी हिसकावून परत दिली, तो मालक आता चांगला गब्बर झाला आहे. मेलेल्या गिर्यारोहकाचे नाव जाऊन हॉटेलवर आता आंतरतारकीय झॉम्बीच्या नावाची पाटी आहे. पाहुण्यांना ती हकिकत सांगितली जाते आणि धंदा जोरात चालतो. स्त्रुगात्स्कींनी हे एका ओघात, कसलाही ठपका न ठेवता सांगून टाकले आहे. मला मात्र ते खटकले. मग लक्षात आले की पहिल्याच प्रकरणांत हाच माणूस मेलेल्या गिऱ्हाइकाची खोली धुमसत्या पाइपसकट पाहुण्यांना दाखवत फिरत होता, आणि तेव्हा मला ते गमतीचे वाटले होते.